माळ्यावरचं खोकं आणि पुण्याचे बंद पडलेले संघ : मुलाला काय सांगू?

गहुंजेच्या_उन्हात (प्रश्नकर्ता)

नमस्कार मंडळी,

दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरून एक खोकं खाली काढलं. आत जुने टी-शर्ट, दोन झेंडे आणि एक नारिंगी मफलर. मुलगा नऊ वर्षांचा आहे. तो एकेक वस्तू फरशीवर मांडत गेला आणि दर वेळी एकच विचारत गेला, "बाबा, ही टीम आता कुठे खेळते?" पुणे वॉरियर्स, बंद. पुणे एफसी, बंद. एफसी पुणे सिटी, बंद. रायझिंग पुणे सुपरजायंट, बंद. या शेवटच्या टी-शर्टच्या पाठीवरचं नाव सोलून निघालंय, स्टीव्ह स्मिथची पहिली दोनच अक्षरं शिल्लक आहेत. त्यानं नखानं त्यातलं एक अक्षर उचकटायला घेतलं आणि मी त्याच्यावर ओरडलो. मग माझं मलाच वाईट वाटलं. त्या अक्षराचं मी तरी आता काय करणार होतो?

खोक्याच्या तळाशी पुणेरी पलटणचा टी-शर्ट निघाला. म्हटलं, ही आहे, ही अजून खेळते. तो लगेच, "मग आपण बघायला कधी जायचं?" प्रो कबड्डीच्या २०२५ च्या बाराव्या हंगामाचे सामने विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई आणि दिल्लीत ठेवले होते. पुण्यात एकही नाही. हे त्याला सांगताना मला जड गेलं.

मी चिंचवडचा. आमच्या घरात खेळाचं वेड वडिलांकडून आलं. २९ फेब्रुवारी १९९६ ला त्यांनी कारखान्यातून रजा काढून मला नेहरू स्टेडियमवर नेलं होतं. विश्वचषकाचा सामना, वेस्ट इंडिज विरुद्ध केनिया. आम्ही लाराला बघायला गेलो होतो. केनिया १६६ वर आटोपली तेव्हा वडील म्हणाले, आता तासाभरात घरी. पण वेस्ट इंडिजच ९३ मध्ये गारद झाली. लारा बाद झाला तेव्हा सगळं स्टेडियम आधी एक क्षण गप्प झालं, आणि नंतर लोक केनियासाठी उभे राहिले. केनियाचे खेळाडू मैदानाला फेरी मारायला निघाले तेव्हा वडिलांनी मला खांद्यावर घेतलं होतं, मी चांगला अकरा वर्षांचा घोडा असूनही. परतताना स्वारगेटला बसची वाट बघत असताना ते म्हणाले होते, "आपल्या पुण्याची अशी टीम पाहिजे, मग बघ." तेव्हा शहराची टीम ही कल्पनाच आपल्याकडे नव्हती, रणजीला महाराष्ट्र होता तेवढाच.

म्हणून २०११ ला आयपीएलमध्ये पुणे वॉरियर्स आली तेव्हा आमच्या घरी सण होता. पहिल्या वर्षी घरचे सामने नवी मुंबईत झाले, तेही चालवून घेतलं. २०१२ ला गहुंजेचं स्टेडियम मिळालं. त्या वर्षीचा पहिलाच सामना वानखेडेवर मुंबईविरुद्ध होता. आपण फक्त १२९ केल्या आणि तरी २८ धावांनी जिंकलो, अशोक दिंडानं ४ बळी घेतले. मला वाटलं, आता जमलं. त्याच हंगामात शेवटचे सलग ९ सामने हरलो आणि तळाला गेलो. पुढच्या वर्षी बंगळुरूला ख्रिस गेलनं आपल्याविरुद्ध नाबाद १७५ काढल्या, शतक ३० चेंडूंत. तो सामनाही मी शेवटच्या चेंडूपर्यंत बघितला. तीन हंगामांत १२ विजय, आणि मग संघच गेला.

हरण्याबद्दल माझी तक्रार नाही, हे नीट समजून घ्या. हरणाऱ्या संघाचा चाहता होण्यात मला कधी कमीपणा वाटला नाही. उलट गहुंजेला बिनछपराच्या स्टँडमध्ये डोक्यावर रुमाल बांधून, हरत आलेला सामना बघत बसलेली जी माणसं असतात ना, त्यांच्याशी जी ओळख होते ती जिंकणाऱ्या संघाच्या गर्दीत होत नाही. माझा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. इथे संघ जुना व्हायच्या आधी त्याला काढून टाकतात.

२०१६ ला सुपरजायंट्स आले. धोनी कर्णधार, तरी आठांत सातवे. दुष्काळामुळे उच्च न्यायालयानं मे महिन्यातले सामने राज्याबाहेर न्यायला सांगितले आणि आपलं घर विशाखापट्टणमला गेलं. त्याबद्दल मी एक शब्द काढणार नाही. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी जात होतं, तिथे खेळपट्टीवर पाणी कोण मारणार? पण २०१७. ते वर्ष मी आयुष्यात विसरणार नाही. १० लाखांत घेतलेला आपला राहुल त्रिपाठी कोलकात्यात जाऊन ९३ काढतो. १ मेला, महाराष्ट्र दिनाला, गहुंजेत बेन स्टोक्स नाबाद १०३ करतो. त्या दिवशी मी तिथे होतो. मुंबईला त्या मोसमात तीनदा हरवलं, त्यात अंतिम फेरीत नेणारा क्वालिफायर वानखेडेवर.

आणि २१ मे, हैदराबादची अंतिम लढत. मुंबई ७ बाद ७९ होती. वडील तेव्हा आजारी होते, पलंगावर पाठीशी दोन उशा घेऊन बसले होते. मुंबईला १२९ पर्यंत जाऊ दिलं तेव्हाच ते म्हणाले, "इथे चुकलं." शेवटच्या षटकात ११ हव्या होत्या. मनोज तिवारीनं पहिल्याच चेंडूवर चौकार मारला आणि मी बाल्कनीत जाऊन ओरडून आलो. आत येतोय तर तिवारी बाद, पाठोपाठ ५१ वर स्मिथ बाद. शेवटच्या चेंडूवर ४ हव्या होत्या. डॅनियल ख्रिश्चननं मारला, दोन धावा झाल्या, तिसरीला धावबाद. १२८. एका धावेनं गेलो. वडिलांनी रिमोट हातात घेतला पण टीव्ही बंद केला नाही. बराच वेळ ते नुसते अंगठ्यानं रिमोटची मागची पट्टी सरकवत बसले होते, आत-बाहेर, आत-बाहेर. मग म्हणाले, "पुढच्या वर्षी."

पुढचं वर्ष आलंच नाही. मालकांनी संघ गुंडाळला. २०१८ ला गहुंजेत चेन्नईचे घरचे सामने झाले आणि पिवळे टी-शर्ट घातलेले लोक रेल्वे भरून आले. त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. शहर सोडावं लागलं तर लोक गाडी करून मागे आले. आपल्याला मागे जायला काही ठेवलंच नाही. वडील त्याच वर्षी गेले.

आता मूळ प्रश्न. मुलाला चेन्नईचा पिवळा टी-शर्ट हवाय. कारण विचारलं तर म्हणतो, "ऋतुराज आपल्या इथलाच आहे ना?" बरोबर आहे त्याचं, ऋतुराज गायकवाड पुण्याचाच. केदार जाधवही पुण्याचाच होता आणि पुण्याच्या दोन्ही आयपीएल संघांतून एकदाही खेळला नाही. पण माझ्या घरात दुसऱ्या शहराचा टी-शर्ट आणायला माझा हात पुढे होत नाही. त्याला कोणाचा चाहता करू? जो संघ तो चाळीस वर्षांचा होईल तेव्हाही असेल, असा पुण्याचा एक तरी संघ सांगा. की हा हट्टच सोडून देऊ?

---

बोनस_लाईन

दादा, तुमची पोस्ट वाचून घशाशी आलं, पण थोडं भांडायचंही आहे.

तुम्ही खोक्यातून पाच टी-शर्ट काढले, चार बंद संघांवर पानभर लिहिलंत आणि जो संघ जिवंत आहे त्याला दोन ओळी दिल्यात. पुणेरी पलटण २०१४ ला प्रो कबड्डी सुरू झाली तेव्हापासून आहे. तेच नाव, तेच शहर. पहिली दोन वर्षं तळाला होतो, तेव्हाही मी बालेवाडीला जात होते. मी स्वतः शाळेत आणि पुढे कॉलेजात उजवा कोपरा खेळले आहे, त्यामुळे पकड चुकली की माझ्याच गुडघ्यात कळ येते.

२०२२ ला अंतिम सामन्यात जयपूरकडून ३३-२९ हरलो. मुंबईत होता सामना, मी गेले होते. पुढच्या हंगामात साखळीतल्या २२ सामन्यांत फक्त २ हरलो आणि १ मार्च २०२४ ला हैदराबादला हरियाणाला २८-२५ नं हरवून करंडक आणला. कर्णधार कोण? अस्लम इनामदार, आपल्या नगर जिल्ह्यातला पोरगा. पंकज मोहितेनं त्या सामन्यात एका चढाईत ४ गडी टिपले. तो मागे सरकत, एक हात मध्यरेषेकडे ताणून पडला, अंगावर तिघं, आणि बोटं रेषेपलीकडे. मी तेव्हा घरात एकटी होते आणि जमिनीवर बसून रडले. पुण्याच्या संघानं जिंकलेलं तुम्हाला बघायचं होतं ना, दादा? जिंकले की! तुम्ही बघत नव्हतात.

आता तुमचं खरं दुखणं मान्य करते, कारण ते माझंही आहे. विजेतेपदानंतर लिलावात मोहम्मदरेझा शादलू आपल्याकडून हरियाणाकडे गेला. त्या हंगामाची अंतिम लढत बालेवाडीत झाली, २९ डिसेंबर २०२४ ला. आपण आठवे, अस्लम जखमी. आपल्या अंगणात करंडक उचलला हरियाणानं, आणि त्यांच्यात शादलू. मी तिकीट काढलं होतं. टाळ्या वाजवल्या, कारण तो खेळाडूच तसा आहे. पण वाजवताना हात जड झाले होते. आणि २०२५ ला संघ साखळीत पहिला आला, ३१ ऑक्टोबरला दिल्लीकडून ३१-२८ नं अंतिम सामना हरला, आणि अख्ख्या हंगामात पुण्यातल्या माणसाला तो डोळ्यांनी एकदाही बघता आला नाही. साखळीत पहिल्या आलेल्या संघाचा आपल्याच गावात एक सामना नाही. हे मला पराभवापेक्षा जास्त लागलं.

तरी मुलाला पलटणच द्या. टीव्हीवर का होईना, आहे.

---

हिशेबनीस

एक दुरुस्ती. सुपरजायंट "मालकांनी गुंडाळला" असं तुम्ही लिहिलंय, ते तसं नाही. चेन्नई आणि राजस्थान या दोन संघांवर दोन वर्षांची बंदी आली, ती जागा भरण्यापुरतेच पुणे आणि राजकोट हे संघ होते. डिसेंबर २०१५ च्या त्या बोलीत कागदावरच दोन वर्षं लिहिलेली होती. बोलीही उलटी होती. क्रिकेट मंडळाकडून कोण कमी पैसे घेईल, ही स्पर्धा. पुणे घेणाऱ्यांनी मंडळाकडून काही न घेता उलट वर्षाला १६ कोटी द्यायची तयारी दाखवली. म्हणजे २१ मे २०१७ च्या रात्री ख्रिश्चनची तिसरी धाव पूर्ण झाली असती, चौथीही झाली असती, तरी विजेता संघ दुसऱ्या दिवशी संपणारच होता. तुमच्या वडिलांना हे माहीत नव्हतं हे बरंच झालं असं मी म्हणणार नाही, कारण मला ते चूक वाटतं. चाहत्याला हे आधी ठळकपणे सांगायला हवं होतं.

वॉरियर्सची गोष्ट वेगळी. तो संघ २०१० मध्ये ३७ कोटी डॉलरला गेला, तेव्हाची ती विक्रमी बोली. खरेदीदारांचं म्हणणं, आम्ही ९४ सामन्यांच्या हिशेबानं बोली लावली आणि मिळाले ७४. त्यावरून फीचा वाद, २०१३ मध्ये मंडळानं बँक हमी वटवली, मालकांनी अंग काढून घेतलं आणि ऑक्टोबरात करार रद्द. या सगळ्यात पुणे हा शब्द फक्त नावापुरता होता. भांडण दोन कार्यालयांचं, संघ गेला तुमचा.

२०२१ मध्ये दोन नवे संघ काढले तेव्हा बोलीसाठी सहा शहरांची यादी होती : अहमदाबाद, लखनौ, इंदूर, कटक, गुवाहाटी, धर्मशाला. पुणे यादीतच नव्हतं. ज्या समूहानं पुण्याचा संघ चालवला होता त्यांनीच ७,०९० कोटींना लखनौ घेतलं आणि नावही जवळपास तेच ठेवलं, सुपर जायंट्स. मुंबईपासून दीडशे किलोमीटरवर दुसरा संघ कशाला, हा विचार त्या यादीमागे असावा असा माझा अंदाज आहे. प्रेक्षक कमी पडतो हे कारण मात्र मी मानणार नाही. २०२२ ला आयपीएलची सगळी साखळी मुंबई-नवी मुंबईत आणि गहुंजेतच खेळवली, तेव्हा स्टँडमध्ये पुणेकरच बसले होते ना?

मुलाला टी-शर्ट घेऊन द्या. तो खेळाडूमागे जातोय, तुम्ही गावामागे. आजच्या व्यवस्थेत त्याचंच गणित जास्त टिकाऊ आहे.

---

गहुंजेच्या_उन्हात (प्रश्नकर्ता)

ताई, तुमचं बोलणं मान्य. पलटण जिंकली त्या रात्री मी रात्रपाळीवर होतो, दुसऱ्या दिवशी पेपरात वाचलं. आनंद झाला, पण तुमच्यासारखं जमिनीवर बसून रडायला मी तिथे नव्हतो, आणि ती चूक माझीच. त्या चढाईचा व्हिडिओ काल रात्री मुलासोबत पाहिला. त्यानं तो अकरा वेळा मागे नेऊन बघितला आणि मग आमच्या दिवाणखान्यात रेघ आखून मला पकड करायला लावली.

हिशेबनीस, दोन वर्षांचा करार मला माहीत होता. वाचलं होतं तेव्हाच. पण माणूस चाहता झाला की वाटतं, इतकं चांगलं खेळले तर कोण काढून टाकेल? अंतिम फेरीपर्यंत गेलेला संघ बंद करायला कोणाचा हात धजावेल? वडिलांनाही माहीत होतं बहुतेक. तरी "पुढच्या वर्षी" म्हणाले.

तुमचं खेळाडूमागे जाण्याचं गणित मला पटत नाही. खेळाडू पस्तीस-सदतिशीला थांबतो, लिलावात कुठेही जातो. शादलूचंच बघा. गाव कुठे जात नाही. मी मुलाला गाव देऊ पाहतोय. आम्ही दोघं शेजारी बसून एकाच बाजूनं ओरडू शकू, एवढंच मला हवंय. माझे वडील आणि मी तसे ओरडलो. केनियासाठी का होईना.

आणखी एक सल आहे, कोणीच काढत नाही म्हणून मीच काढतो. खो-खोचे नियम १९१४ मध्ये आपल्या डेक्कन जिमखान्यावर बसले. २०२२ ला अल्टिमेट खो-खोचा पहिला व्यावसायिक हंगाम झाला तो बालेवाडीत. संघ सहा : चेन्नई, गुजरात, मुंबई, ओडिशा, राजस्थान, तेलुगू. ज्या गावानं खेळाला नियम दिले, ज्या गावानं मैदान दिलं, त्या गावाच्या नावाचा संघ नाही. मी पहिल्याच आठवड्यात गेलो होतो. समोर खांबाला वळसा घालून, सूर मारून गडी टिपणारी पोरं एवढी सुंदर खेळत होती की बघतच राहावं. आणि मला कोणासाठी ओरडावं तेच कळेना.

---

नारिंगी_मफलर

तुमच्या खोक्यातलं मफलर वाचून लिहायला बसलो. माझ्याकडेही तेच आहे.

फुटबॉलमध्ये आपलं जे झालं ते क्रिकेटहून वाईट, कारण इथे काहीतरी खरोखर उभं राहिलं होतं. पुणे एफसी २००७ चा क्लब. आय-लीगमध्ये २०१२-१३ ला दुसरा आला, चर्चिल ब्रदर्सच्या मागे. स्वतःची अकादमी होती, मुलं घडत होती. २०१४-१५ मध्ये या एका शहरात वरच्या पातळीवर तीन क्लब होते : पुणे एफसी, भारत एफसी आणि इंडियन सुपर लीगमधला एफसी पुणे सिटी. मी आणि माझा मित्र तेव्हा भांडायचो की खरा पुण्याचा कोणता. भारत एफसी एका हंगामात संपला. पुणे एफसीचा मुख्य संघ बंद झाला, अकादमी सिटीकडे गेली. मधे डीएसके शिवाजियन्स दोन हंगाम आय-लीग खेळून गेले.

उरला पुणे सिटी. पहिल्या वर्षी फ्रान्सचा त्रेझेगे आला, मग रुमानियाचा मुटू. पण माझा संघ २०१७-१८ चा. मार्सेलिन्यो आणि अल्फारो. पहिल्यांदा बाद फेरीत गेलो. ७ मार्च २०१८ ला बालेवाडीत बंगळुरूविरुद्ध ०-० झालं. त्या रात्री शेवटची दहा मिनिटं आमच्या स्टँडमध्ये कोणीच बसलं नव्हतं. परतीच्या लढतीत त्यांच्या सुनील छेत्रीनं तीन गोल केले, ३-१. दीड वर्षानं, ऑगस्ट २०१९ मध्ये, क्लब संपला आणि त्याची जागा हैदराबादला गेली. त्या हैदराबादनं २०२२ ला करंडक जिंकला. आता तो क्लबही दिल्लीला गेलाय. म्हणजे तिथेही कोणीतरी खोकं माळ्यावर टाकत असेल.

यातल्या एका क्लबच्या समर्थकांत मी नाव नोंदवलं होतं, ढोल वाजवणाऱ्या गटात. बाहेरगावच्या सामन्यांना स्वखर्चानं गेलो. क्लब बंद झाला ते मला मोबाईलवर बातमीतून कळलं. कुणी एक ओळ पाठवली नाही. क्लबचं नाव घेत नाही, तिथली कामाला असलेली साधी माणसंही रस्त्यावर आली होती. पण एक ओळ पाठवायची होती हो. आपण ढोल वाजवतो तेव्हा ते आपल्याला "कुटुंब" म्हणायचे.

मी आता जिल्हा लीग बघतो. दोन-अडीचशे माणसं असतात, त्यातले निम्मे खेळाडूंचे नातेवाईक. चेंडू कुंपणाबाहेर गेला की आम्हीच आणून देतो. त्या क्लबांना मैदान मिळत नाही, पंचांचे पैसे कसेबसे जमतात. पण ते बंद पडत नाहीत, कारण त्यांना कोणी विकत घेतलेलं नाही. मुलाला एकदा घेऊन या.

---

मंगळवार_पेठ_कोल्हापूर

तुमच्या पुण्याचं वाचून वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

आमच्याकडं असला प्रश्नच येत नाही. कोण पाटाकडील, कोण शिवाजी तरुण, कोण दिलबहार, कोण प्रॅक्टिस, कोण बालगोपाल, कोण खंडोबा. हे ठरवायला लागत नाही, ज्या पेठेत जन्मला तिथलं ठरलेलं असतं. तालमीचा संघ. मालक म्हणाल तर अख्खी गल्ली. आमचे आजोबा तालमीत जोर काढायचे, वडील संघात गोलकीपर होते, मी ढोपर मोडून घेतलं आणि आता पोराला घेऊन शाहू स्टेडियमला जातो. दगडी पायऱ्यांवर बसायचं, उन्हात. तुमच्या गहुंजेसारखंच. आपल्या तालमीचा सामना असला की पेठेतली दुकानं अर्धी बंद.

सगळं गोड आहे असं नाही. कधी कधी पोरं हातघाईवर येतात, मग बंदोबस्त लागतो, मला ते अजिबात पटत नाही. पैसाही नाही. आमचा अनिकेत जाधव २०१७ ला सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला. असल्या पोराला पुढं जायचं तर गाव सोडावंच लागतं. पण संघ तिथंच राहतो. हरला तरी, खालच्या गटात गेला तरी. तालीम कोण उचलून हैदराबादला नेणार?

हिशेबनीससाहेबांचं गणित बरोबर असंल, पण त्यात एक घर रिकामं राहतंय. तुमच्याकडंबी पेठा आहेत, तालमी आहेत, गणपतीची मंडळं आहेत, वर्गणी गोळा करून दहा दिवस गाव हलवून सोडता तुम्ही लोक. त्यातल्या एका मंडळानं संघ काढून चाळीस वर्षं चालवायचं ठरवलं तर कोण आडवं येणार हाय?

---

गहुंजेच्या_उन्हात (प्रश्नकर्ता)

हे शेवटचं वाचून मी बराच वेळ गप्प बसलो. आमच्या मंडळाकडे ढोल आहेत, ट्रॉली आहे, साठ-सत्तर पोरं आहेत. संघ नाही. गेल्या वर्षी कबड्डीचे मॅट घ्यायचा विषय बैठकीत निघाला होता आणि लाइटिंगच्या खर्चाखाली दबला. येत्या बैठकीत मी तो पुन्हा काढणार आहे. ताई, तुम्ही उजवा कोपरा खेळला आहात म्हणालात. पिंपरी-चिंचवडच्या जवळपास असाल आणि रविवारी सकाळी तासभर पोरांना पकड शिकवायला येणार असाल तर मला निरोप टाका. मुलींनाही घेऊ.

पिवळा टी-शर्ट घेतला. ऋतुराजचा. माझ्याकडून झालं नाही, बायकोनं आणला आणि मी काही बोललो नाही. पण काल झोपताना पोरगा पलटणचा टी-शर्ट घालून झोपला, माझा, त्याला गुडघ्यापर्यंत येतो.

नारिंगी मफलरवाले, जिल्हा लीगचा पुढचा सामना कधी आहे तेवढं इथेच टाका. आणि कोल्हापूरकर, आम्ही शाहू स्टेडियमला येऊ म्हणतोय, हंगाम सुरू झाला की. पोरगा आत्तापासून विचारतोय, तिथे कोणाच्या बाजूनं बसायचं?

---

मंगळवार_पेठ_कोल्हापूर

ज्याच्या घरी उतरणार त्याच्या बाजूनं. आमच्याकडं उतरा. सामना चारला असला तर दोनलाच जायचं, सावलीची पायरी मिळत नाही नंतर. आणि पोराला टोपी आणा.